दुपारी चार वाजता तिथे काय करशील?

बकेट लिस्ट, म्हणजे आयुष्यात करायच्या गोष्टींची यादी, लिहायला एक बैठक पुरते. मला वेळ लागला तो खोडायला. कुठली इच्छा ठेवायची, कुठली काढून टाकायची, कुठलीचे शब्द बदलायचे, यात कित्येक महिने गेले आणि खरं सांगायचं तर मजाही त्यातच आली. यादी कशी करावी यावर सल्ले पैशाला पासरी मिळतात. ती छाटावी कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

पहिला खर्डा मी वहीत लिहिला, मुद्दाम. फोन हातात असला की बोट आपसूक शोधाकडे वळतं आणि मग आपली यादी दुसरंच कुणीतरी लिहायला लागतं. वहीत लिहूनही फार काही साधलं नाही म्हणा. उत्तरेच्या आकाशातला रात्रीचा प्रकाश म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, पेरूतलं माचू पिचू, आफ्रिकेतलं विल्डबीस्ट या रानजनावरांचं स्थलांतर, एव्हरेस्टचा बेस कॅम्प, समुद्राखालची प्रवाळं, पियानो, जपानी भाषा, एक पुस्तक. पानं भराभर भरली. दुसऱ्या दिवशी वाचली तेव्हा वाटलं, यावर कुणाचंही नाव घातलं तरी खपून जाईल. चाळिशी ओलांडलेल्या, थंडीत खुलणाऱ्या, गर्दीत चिडचिड होणाऱ्या आणि पाण्याला घाबरणाऱ्या बाईची ही यादी आहे, असं त्यातून कुठेच कळत नव्हतं.

त्याच सुमारास जॉन गोडार्डची यादी वाचनात आली. हा अमेरिकन मुलगा १९४० साली पंधरा वर्षांचा होता आणि त्याने आयुष्यात करायच्या १२७ गोष्टी कागदावर उतरवल्या. पुढे १९५०-५१ मध्ये दोन सोबत्यांना घेऊन तो कयाक या लहान होडीतून नाईल नदी उतरला, थेट समुद्रापर्यंत. कौतुक अशा कामगिऱ्यांचंच होतं. मला मात्र त्या यादीतल्या बारक्या नोंदी आवडल्या. मिनिटाला ५० शब्द टाइप करणं. विषारी सापाचं विष काढणं. टारझनच्या सिनेमात काम करणं. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका अथपासून इतिपर्यंत वाचणं. ही यादी त्या एकाच पोराची असू शकते. चंद्रावर जाणंही तिच्यात होतं, टायपिंगच्याच पंगतीत, वेगळा काही मान न देता. २०१३ मध्ये गोडार्ड गेला तेव्हा त्याच्या शंभरावर गोष्टी करून झाल्या होत्या. चंद्र मात्र राहिला.

माझ्या यादीला पहिली कात्री लावली दादाने. मी नॉर्दर्न लाइट्सबद्दल भरभरून बोलत होते आणि तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "ते रात्री दिसणार. दुपारी चार वाजता तू तिथे काय करशील?"

"म्हणजे?"

"म्हणजे फोटोतला क्षण सोडून जो दिवस उरतो तो. तो आवडणार आहे का तुला?"

त्याने चेष्टेत विचारलं होतं. मी मात्र ते मनावर घेतलं आणि यादीतल्या एकेका नोंदीला हाच प्रश्न विचारत सुटले.

सुरुवात नॉर्दर्न लाइट्सपासूनच केली. नॉर्वेतलं ट्रॉम्सो हे शहर ६९ अंश उत्तरेला आहे, आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. भर दुपारी काही तास निळसर उजेड असतो आणि चार वाजेपर्यंत चक्क रात्र झालेली असते. उलट मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळतच नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन हे दिवे दिसायचा प्रश्नच नाही. सप्टेंबर ते मार्च हा खरा हंगाम. त्यातही ढग आले की खेळ खलास, कारण हा प्रकाश १०० किलोमीटर आणि त्याहूनही वर उमटतो आणि ढग त्याच्या कितीतरी खाली असतात. सूर्यावरची धामधूम साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होते. ती शिखराच्या काळात पोचल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, म्हणजे यापुढची काही वर्षं उताराची. ट्रॉम्सो ज्या पट्ट्यात आहे तिथे शांत वर्षांतही प्रकाश दिसतो, पण खात्री कुणीच देत नाही. लोक चार-चार रात्री कुडकुडत उभे राहतात आणि ढग बघून परततात.

हे सगळं वाचल्यावर इच्छा विरायला हवी होती. झालं भलतंच. मला त्या दुपारच्या काळोखाचीच ओढ लागली. चार वाजता खिडक्यांत लागलेले दिवे, पायाखाली कुरकुरणारा बर्फ, उजेडाचे दोन-तीन तास सोन्यासारखे जपून वापरायचे, बाकी वेळ आत बसून वाचायचं. मी मुळात याच दिवसाची माणूस आहे. वहीतली 'नॉर्दर्न लाइट्स बघणं' ही ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'सूर्य उगवत नाही अशा ठिकाणी एक आठवडा राहणं'. हिरवा प्रकाश दिसला तर दिसला. नवी ओळ लिहिल्यावर जाणवलं की ढगांना आता ही इच्छा मोडता येणार नाही.

बाकीच्यांचं इतकं भलं झालं नाही. विल्डबीस्टचं स्थलांतर पहिल्याच फेरीत बाद. दहा लाखांहून जास्त जनावरं सेरेंगेटी आणि मसाई मारा यांच्यामध्ये फिरत असतात आणि मारा नदी ती साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये ओलांडतात. पण कधी, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. कळप काठाशी येतो, तासन्‌तास थबकतो, कधी माघारी फिरतो. तोवर आपण धुळीत, बंद गाडीत, शेजारी दुसऱ्या गाड्यांची रांग. माझी दुपारी चारची चिडचिड मला आत्ताच ऐकू आली. पडद्यावर हे दृश्य मला याहून चांगलं दिसतं, हे कबूल करून टाकलं आणि ओळ खोडली.

'एक पुस्तक लिहिणं' खोडताना जास्त टोचलं. दुपारी चार वाजता पुस्तक लिहिणारा माणूस एकटा बसून कालचं पान पुन्हा लिहीत असतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कायम प्रकाशन समारंभ यायचा. पियानो राहिला. सुराला सूर लागेपर्यंत तेच तेच चार स्वर घोटायला मला खरंच आवडतं, आणि शेजारीपाजारी सोडले तर त्याने कुणाचं नुकसानही होत नाही.

छाटून उरलेल्या गोष्टींचा क्रम लावायला बसले तेव्हा नवीनच पेच उभा राहिला. सर्वात हवीशी ती पहिली, असा क्रम लावायचा तर रोज बदलत होता. मग कधीतरी समासात प्रत्येक नोंदीसमोर लिहायला लागले की हिचं घड्याळ कुणाच्या हातात आहे. इथून पुढे यादी झपाट्याने बदलली.

काही इच्छांचं घड्याळ आपल्या अंगात असतं. एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. ३,००० मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा वैद्यकीय सल्ला आहे. त्यामुळे सुट्टी कमी म्हणून चाल वाढवता येत नाही. आणखी एक गंमत म्हणजे बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही. त्यासाठी जवळचा काला पत्थर चढावा लागतो, तो साडेपाच हजार मीटरच्या आसपास. दादाला हे सांगितल्यावर त्याने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "मग एवढं चढून बघायचं काय?" हा ट्रेक मी ठेवला आहे, पण वरच्या चारांत आणला आहे. पियानो साठीनंतरही वाजवता येईल. माचू पिचूला जाणारी इंका ट्रेलही त्याच गटात. तिथे दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, त्यात वाटाडे आणि हमालही आले, आणि फेब्रुवारीत वाट बंदच असते. म्हणजे तिथे शरीराइतकीच कॅलेंडरचीही मर्जी सांभाळायची.

दुसऱ्या काही इच्छांचं घड्याळ निसर्ग चालवतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. मुन्नारच्या डोंगरांवरची नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते. २०१८ गेलं, आता २०३०. हॅलेचा धूमकेतू पुन्हा येणार २०६१ मध्ये, तेव्हा मी ऐंशीला टेकलेली असेन. १९८६ साली तो आला होता तेव्हा दादाला गच्चीवर नेऊन दाखवला आणि मला खाली झोपवून ठेवलं, हे मी अजून विसरलेले नाही. त्यावर्षी तो पृथ्वीपासून लांबून गेला आणि धड काही दिसलंच नाही, असं दादा सांगतो. पण दिसलं नाही हे ठरवायची संधी त्याला मिळाली, मला नाही.

आणि काही गोष्टी आपण पोचायच्या आतच संपतात. माल्टामधली अझूर विंडो ही समुद्रातली दगडी कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. गालापागोसमधली डार्विन्स आर्च २०२१ मध्ये. बोलिव्हियात चकाल्ताया नावाची हिमनदी होती, तिच्यावर जगातलं सर्वात उंचावरचं स्की रिसॉर्ट चालायचं. २००९ पर्यंत हिमनदीच उरली नाही. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ २,३०० किलोमीटर पसरली आहे, ती काही एका रात्रीत नाहीशी होणार नाही. पण समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात, आणि त्यांना रंग व अन्न देणारं तेच असतं. असं पांढरं पडणं तिथे मोठ्या प्रमाणावर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये झालं. ही सालं ओळीने लिहिल्यावर 'प्रवाळ बघणं' ही नोंद आपोआप वर सरकली. उठून तातडीने तिकडे धावणं हे प्रवाळाच्या भल्याचं आहे का, हा प्रश्न मला पडतो. उत्तर अजून मिळालेलं नाही.

पण प्रवाळ बघायला पाण्यात उतरावं लागतं, आणि माझी गाडी तिथेच अडली. स्कूबाच्या, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहण्याच्या, पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र साधारण १८ मीटर खोलीपर्यंतचं असतं आणि ते घ्यायचं तर २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. मला दहा सेकंदही तरंगता येत नव्हतं. म्हणजे यादीवर जे लिहिलं होतं त्याच्याखाली एक न लिहिलेली ओळ होती. ती लिहिली: 'पाठीवर तरंगता येणं'. शिकवणीला नाव घातलं. वेळ कुठली मिळाली म्हणता? दुपारी चारची. दादा हसून हसून पडला.

उथळ टोकाला, कठड्याची दांडी एका हाताने घट्ट धरून, मी पाठीवर झोपायचे. कान पाण्याखाली गेले की बाहेरचा सगळा गलका एकदम बंद व्हायचा आणि स्वतःचाच श्वास मोठ्ठा ऐकू यायचा, त्यानेच मी घाबरायचे. घाबरले की मान उचलायचे, मान उचलली की कंबर बुडायची, कंबर बुडाली की नाकात पाणी. शिकवणारी मुलगी माझ्याहून निम्म्या वयाची. तिने शांतपणे माझ्या डोक्याखाली हात धरला आणि म्हणाली, "मान तुम्ही धरून ठेवलीय, ताई. ती पाण्याला देऊन टाका." काही आठवडे ते जमलं नाही. जमलं तेव्हा मला कळलंही नाही, कारण तिने हात कधी काढून घेतला ते तिने सांगितलं नव्हतं. या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली आहे. २०० मीटर अजून लांब आहेत.

पाण्यावरून आठवलं, एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये असा नियम आहे. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. सकाळी डाइव्ह, संध्याकाळी परतीचं विमान, असा बेत दादाने आखला होता, तो रद्द. कागदपत्रांचं सांगायचं तर बरेच देश पासपोर्टची मुदत पुढे सहा महिने शिल्लक आहे का ते बघतात आणि युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एवढ्या दोन तारखा समासात लिहून ठेवल्या की पुरतं.

ज्या इच्छांना घड्याळच नाही, त्यांनी मला सर्वात जास्त फसवलं होतं. जपानी कधीही शिकता येईल, म्हणून ती वर्षानुवर्षं नुसती लिहिली जात होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला जपानी कामापुरती यायला वर्गातले साधारण २,२०० तास धरावे, असा तिचा हिशेब आहे. रोज एक तास, एकही सुट्टी न घेता, म्हणजे सहा वर्षं. मराठी माणसाला वाक्यरचना तरी जड जाऊ नये, कारण तिथेही क्रियापद शेवटीच येतं आणि विभक्तीसारखे शब्द नामाच्या नंतरच लागतात. तरीही हिशेबातून फार तर वर्षभर सुटेल. सहा वर्षं द्यायची माझी तयारी आहे का? नाही. पण हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६ आहेत, तेवढी वाचता आली तरी मला आनंद होईल. 'जपानी शिकणं' गेलं, 'दोन लिप्या वाचता येणं' आलं.

उरलं माणसांचं घड्याळ. माझ्या यादीत 'आईबरोबर' अशा काही गोष्टी होत्या. एकीलाही आईची संमती नव्हती, म्हणजे मी विचारलंच नव्हतं. म्हणून विचारलं. "आई, तुझं काय करायचं राहिलंय?"

"काही नाही गं. सगळं झालं."

मी विषय सोडला. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता ती स्वतःच म्हणाली, "दोन दिवस कुठेतरी एकटीने राहायचंय. मला कुणी जेवलीस का म्हणून विचारायला नको आणि मलाही कुणाला विचारायला नको."

मी पर्वत आणि समुद्र घेऊन बसले होते आणि आईला दोन दिवस हवे होते. ते मात्र लगेच जमण्यासारखं होतं. तिला प्रवास झेपेल एवढ्याच अंतरावर खोली ठरवली, दादा सोडून आला. मी न राहवून एकदा फोन केला, तिने उचलला नाही. परत आल्यावर काय केलंस विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तर एकटीचं काय राहिलं?" माझ्या यादीतल्या 'आईबरोबर' नोंदींपैकी निम्म्या मी त्याच दिवशी खोडल्या. राहिलेल्या तिला वाचून दाखवल्या, तिने एक ठेवली. कुठली ते सांगत नाही, तिचीच अट आहे.

सध्या वादात असलेली नोंद आहे २ ऑगस्ट २०२७ ची. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. सावलीचा पट्टा स्पेनच्या दक्षिण टोकावरून, उत्तर आफ्रिकेतून, इजिप्तवरून अरबस्तानाकडे जाईल आणि इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल. बहुतेक खग्रास ग्रहणांत एवढी मिनिटं मिळत नाहीत. माझा हट्ट लक्सरचा. ऑगस्टमध्ये तिथे पारा चाळिशीच्या पार जातो, हे मला माहीत आहे, आणि थंडीत खुलणारी बाई ती मीच. पण तिथे त्या दिवसांत ढगांची भीती जवळजवळ नसते. धूमकेतूच्या वेळी मला झोपवून ठेवलं होतं, आता सहा मिनिटांतलं एकही मिनिट मी सोडणार नाही. दादाला स्पेन हवं आहे. मिनिटं कमी, पण समुद्राचा वारा आहे. शिवाय तो त्याचाच प्रश्न आता माझ्यावर उलटवतो: "लक्सरला दुपारी चार वाजता काय करशील?" आई म्हणते, तुम्ही दोघंही जा, मला घर मोकळं मिळेल. ग्रहणाच्या पट्ट्यातल्या खोल्या फार आधी जातात, म्हणून दोन्हीकडच्या चौकश्या सुरू केल्या आहेत. आधी जिथली खोली मिळेल तिथे जायचं, यावर तूर्त तह झाला आहे. लक्सरची चौकशी मी करते आहे, आणि मी रोज करते आहे.